तंबाखू लिहायची की लपवायची?

प्रश्न : मॅडम, आम्ही मोशीला राहतो. मिस्टर चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, वय ३६, हातात ४२ हजार येतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या लाइनवरचे एक जण हायवेवर बाइकच्या अपघातात गेले. त्यांचा विमा होता की नाही, हेसुद्धा त्यांच्या बायकोला माहीत नव्हतं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आमच्यावर २२ लाखांचं घरकर्ज आहे, हप्ता साडेएकोणीस हजार. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा, सासूबाई ६३ वर्षांच्या. मी घरी ब्लाउज शिवते, पाच-सहा हजार सुटतात. मिस्टरांची लग्नाआधीची दोन लाखांची मनीबॅक पॉलिसी आहे, वर्षाला १४ हजार भरतो. मावसदीर म्हणतो, मोबाइलवर पंधरा मिनिटांत एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, काढून देतो, फक्त तंबाखूचं लिहायचं नाही, हप्ता वाढतो. मिस्टर दिवसातून चार-पाचदा तंबाखू मळतात. ते म्हणतात, ऑनलाइन म्हणजे ना ऑफिस ना माणूस, उद्या पैसे द्यायला कोण येणार? सासूबाई म्हणतात, असलं अभद्र घरात बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी काय करू?
(एक वाचक, मोशी)

उत्तर : ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते, पण आधी तंबाखूचं. ते एक चुकलं तर बाकी सगळं नीट करूनही ऐन वेळी हाती काही लागणार नाही. तंबाखू लिहायची. दिवसातून किती वेळा, किती वर्षांपासून, जे खरं असेल ते तसंच्या तसं लिहायचं.

अर्जात साधारण असं विचारलेलं असतं: गेल्या बारा महिन्यांत तुम्ही कोणत्याही स्वरूपात तंबाखूचं सेवन केलं आहे का? कधी वर ठळक अक्षरात नुसतं ‘धूम्रपान’ असतं, त्यामुळे आपल्याकडचे बरेच पुरुष सरळ ‘नाही’वर बोट ठेवतात. मी कुठे सिगारेट ओढतो, असं त्यांना खरोखरच वाटतं. पण चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, बायका दाताला लावतात ती मिश्री, हे सगळं त्या प्रश्नात येतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणून कुणी तो लिहायला घाबरत असेल, तर तशी भीती नको. विम्याचा अर्ज पोलिसांकडे जात नाही.

हप्ता वाढतो, हे तुमच्या दिरांचं म्हणणं खरं आहे. तंबाखू खाणाऱ्याचा हप्ता न खाणाऱ्याच्या साधारण दीडपट, काही कंपन्यांत त्याहूनही जास्त असतो. पण लपवून काय होतं ते बघा. एवढ्या रकमेच्या विम्याला कंपनी बहुधा रक्त आणि लघवी तपासते, माणूस घरी येऊन नमुने घेऊन जातो. निकोटिनपासून शरीरात कोटिनिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि शेवटची चिमूट तोंडात टाकल्यानंतरही काही दिवस तो लघवीत सापडतो. आदल्या दिवशी पुडी लांब ठेवून भागत नाही. अर्जात ‘नाही’ आणि रिपोर्टमध्ये कोटिनिन, असं झालं की कंपनी हप्ता वाढवते किंवा प्रस्तावच नाकारते. एकदा नाकारला गेला की पुढे कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी, ‘याआधी तुमचा प्रस्ताव कुणी नाकारला होता का’, हा प्रश्न समोर येतोच.

तपासणी न होता पॉलिसी हातात पडली, तर मला त्याहून जास्त काळजी वाटेल. घर निर्धास्त होतं, हप्ते वेळेवर जात राहतात. दोन वर्षांनी काही बरंवाईट झालं, तर कंपनी जुने केसपेपर मागवते. कधीतरी दाढ दुखली म्हणून दाखवलेल्या डॉक्टरच्या कागदावर, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीच्या चिठ्ठीवर, ‘तंबाखू, दहा वर्षं’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या एका ओळीवर सगळा दावा अडतो. त्या वेळी कंपनीसमोर ना मिस्टर असणार, ना मावसदीर. तुम्ही एकट्या असणार.

विमा कायदा १९३८ मध्ये कलम ४५ आहे. पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. तीन वर्षं उलटली की कोणत्याही कारणाने देता येत नाही. हे कलम ग्राहकाच्या बाजूचं आहे, पण ‘तीन वर्षं काढली की झालं’ असा सल्ला त्यावरून देणारे लोक आहेत. रोज दुचाकीवरून चाकण गाठणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी तीन वर्षांचा असला जुगार खेळावा, असं मला मुळीच वाटत नाही. शिवाय मध्ये हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू करून घेतली, तर ही तीन वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. ही गोष्ट कुणी सांगत नाही.

उद्या मिस्टरांनी तंबाखू सोडली आणि वर्षभर खरोखर हात लावला नाही, तर तेव्हा नव्याने अर्ज करता येईल, कमी हप्त्याची पॉलिसी मिळाली तर ती घेऊन मग जुनी सोडता येईल. पण त्या दिवसाची वाट बघत आत्ता विना-विमा राहू नका.

आता पंधरा मिनिटांचं. अर्ज मिस्टरांनी स्वतः भरायचा, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही शेजारी बसून. दिरांना मदतीला बोलवा, त्यांना मोबाइल नीट वापरता येतो तर त्याचा उपयोग करून घ्या, पण उत्तरं त्यांच्या तोंडून यायला नकोत. मोबाइल नंबर आणि ईमेल मिस्टरांचाच द्या, पर्यायी नंबर म्हणून तुमचा. दुसऱ्याचा नंबर टाकून काढलेल्या पॉलिसीत हप्त्याच्या आठवणीचे मेसेज त्या दुसऱ्याला जातात, त्याने नंबर बदलला की कुणालाच जात नाहीत, आणि पॉलिसी कधी बंद पडली हे घरात कळत नाही.

अर्ज कुणी भरला याला कोर्टात किती किंमत आहे, तेही ऐका. एका माणसाने एका कंपनीची पॉलिसी घेताना दुसऱ्या कंपनीची आधीची पॉलिसी सांगितली नव्हती. काही महिन्यांत तो वारला, कंपनीने दावा नाकारला, आणि एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. फॉर्म एजंटने भरला, त्याने फक्त सही केली, हा बचाव चालला नाही. म्हणून तुमची मनीबॅकसुद्धा अर्जात लिहायची. रक्कम लहान आहे, लग्नाआधीची आहे, तरी लिहायची. बीपीची गोळी चालू असेल, वडिलांना शुगर होती, कधी ऑपरेशन झालं असेल, तेही. अर्जानंतर कंपनीच्या डॉक्टरचा फोन किंवा व्हिडिओ कॉल येऊ शकतो. तो रेकॉर्ड होतो. शिफ्टच्या गडबडीत ‘हो हो, नाही नाही’ करत उरकू नका, म्हणावं घरी गेल्यावर बोलतो.

पॉलिसी आली की तिच्याबरोबर भरलेल्या अर्जाची प्रत येते. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस तुम्हाला विचार करायला मिळतात, पसंत नसेल तर परत करता येते, थोडाफार तपासणी वगैरेचा खर्च कापून पैसे मिळतात. त्या ३० दिवसांत एका संध्याकाळी अर्जाची प्रत वाचा. तंबाखूपुढे ‘हो’ आहे ना, नावं, जन्मतारखा, बँक खातं बरोबर आहे ना. चूक दिसली तर कंपनीला ईमेलवर कळवा आणि दुरुस्तीचं उत्तर जपून ठेवा. मला विचाराल तर पॉलिसी घेण्यापेक्षाही ही संध्याकाळ जास्त महत्त्वाची आहे.

‘ना ऑफिस ना माणूस’ या मिस्टरांच्या शंकेला मी हसणार नाही. ओळखीचा एजंट म्हणजे दार ठोठावायला एक घर, हा आधार खरा असतो. पण ऑनलाइन विकणारी कंपनी काही वेगळी नसते. ज्या कंपन्यांच्या शाखा पुण्यात आहेत, त्याच वेबसाइटवरूनही टर्म प्लॅन विकतात, एलआयसीसुद्धा विकते. सगळ्यांना हैदराबादच्या विमा नियामकाकडे, म्हणजे आयआरडीएआयकडे, नोंदणी करावी लागते. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून वेबसाइट उघडा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका. कुणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर हप्ता पाठवू नका. आयआरडीएआयमधून बोलतोय, बोनस अडकलाय, असा फोन आला तर तो ठेवून द्या, आयआरडीएआय कुणालाही विमा विकत नाही. प्रस्ताव मंजूर होईपर्यंत हप्त्याची रक्कम आपल्याच खात्यात अडवून ठेवण्याची सोय १ मार्च २०२५ पासून आली आहे, कंपनी ती देत असेल तर घ्या. आणि पैसे गेले म्हणजे विमा सुरू झाला असं समजू नका. कंपनीने प्रस्ताव स्वीकारल्याचं कळवलं की तो सुरू होतो.

कोणती कंपनी, हे मी सांगणार नाही. दावे निकाली काढण्याचं प्रमाण आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात छापून येतं, ते बघा, पण मोठ्या कंपन्यांचे आकडे इतके जवळजवळ असतात की पॉइंटच्या फरकावर जीव टाकू नका. काही कंपन्या ऑनलाइन मोठ्या विम्याला शिक्षणाची आणि उत्पन्नाची अट घालतात. एकीने नाही म्हटलं तर खचू नका, अर्ज पुढे नेण्याआधीच अटी विचारून घ्या. पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ हाताशी ठेवा. दिरांनी हप्त्याचे जुने आकडे सांगितले असतील तर पुन्हा बघा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे.

एक कोटी जास्त आहेत का? नाहीत. २२ लाख कर्जात गेले की ७८ उरतात. त्यावर सहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला चार लाख ६८ हजार, म्हणजे महिन्याला ३९ हजार. आज हप्ता गेल्यावर मिस्टरांच्या पगारातले साडेबावीस हजार आणि तुमचे पाच-सहा, एवढ्यात घर चालतं. पण महागाई वाढत जाणार आणि मुलांची शिक्षणं पुढे आहेत, त्यामुळे ३९ पैकी दहा-बारा हजार दरमहा मागे टाकावेच लागतील. हिशोब जेमतेम बसतो. मुदत मिस्टरांच्या साठीपर्यंत ठेवा, तेव्हा धाकटा २७ वर्षांचा असेल. ८५ वर्षांपर्यंतचा विमा, मुदतीनंतर हप्ते परत देणारा विमा, यांची हप्त्यात मोठी भर पडते, तुमच्या पगारात ती नको. बँकेने कर्जाबरोबर एखादा विमा जोडला होता का, हेही कर्जाच्या कागदांत बघा. असेल तर तो बहुधा कर्ज कमी होईल तसा कमी होत जाणारा असतो.

नॉमिनीच्या रकान्याआधी अर्जात एक छोटासा चौकोन येतो, बरेच लोक न वाचता पुढे जातात. एमडब्ल्यूपी अ‍ॅक्ट, म्हणजे १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. नवऱ्याने स्वतःच्या विम्यावर ती खूण केली की ती रक्कम बायको आणि मुलांसाठी विश्वस्त निधी होते. नवऱ्याला हातउसने देणारे, सावकार, बँक, भाऊबंद, कुणालाही तिच्यावर हक्क सांगता येत नाही. ही खूण पॉलिसी घेतानाच करायची असते आणि त्यातली नावं नंतर बदलता येत नाहीत. तुमच्या घरासाठी मी ती करा असंच सांगेन. दोन गोष्टी मात्र समजून घ्या. घरकर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर ते कर्ज तुमचंही आहे, या कायद्याने ते सुटत नाही. आणि यात फक्त बायको आणि मुलं येतात, आई येत नाही.

म्हणून सासूबाईंचा विचार वेगळा करायला हवा, आणि तो त्यांना कळेल असा करा. लग्नाआधीच्या मनीबॅकवर बहुतेक त्यांचंच नाव असेल. ते तसंच राहू द्या. ती पॉलिसी घाईने मोडू नका. आधी नवी हातात येऊ द्या. मग १४ हजार भरणं जड जात असेल तर ती पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू, ठेवता येते का ते शाखेत विचारा. मिस्टरांच्या बाकीच्या मालमत्तेत कायद्याने सासूबाईंचा वाटा तुमच्या आणि मुलांच्या बरोबरीचा आहे, हेही त्यांना माहीत असू द्या. ‘सून पैशाचं बघतेय’ ही शंका कुणाच्या मनात असेल, तर ती अशा स्पष्ट बोलण्याने निवळते.

वास्तू तथास्तु म्हणते, यावर वाद घालू नका. ज्या बाईने घर सांभाळून मुलगा वाढवला, तिला त्याच्या मरणाचा विषय ऐकवत नसेल तर तो तिचा जीव आहे. त्यांच्यासमोर ‘तुम्हाला काही झालं तर’ असं म्हणूच नका. कर्जाचा कागद काढा आणि विचारा, हा हप्ता कुणीच भरू शकलं नाही तर घर कुणाचं? मिस्टरांशीही तिथूनच बोला. त्यांच्या सहकाऱ्याच्या बायकोचं उदाहरण ते विसरलेले नाहीत, तुम्ही पुन्हा पुन्हा काढायची गरज नाही.

तुमच्या नावाचं मात्र आजच बघा. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, पॅनवर आडनाव आधी, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे आणि दाव्याच्या वेळी त्यात आठवडे जातात. आधार, पॅन, पासबुक तिन्हीकडे एकसारखं करून घ्या आणि तेच नाव पॉलिसीत द्या. स्वतःचं वेगळं खातं नसेल तर उघडा.

पीएफचंही याच फेरीत उरका. पीएफ कापला जाणाऱ्या कामगाराला ईडीएलआय योजनेत सात लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, वेगळा हप्ता द्यावा लागत नाही. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द होतं, त्यामुळे मिस्टरांनी यूएएनने, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाने, लॉगिन करून ई-नॉमिनेशन पुन्हा भरायला हवं. कंपनीचा ग्रुप विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि पैसे द्यायला कोण येणार? कुणी येत नाही, आपण मागायचे असतात. कंपनीच्या शाखेत किंवा वेबसाइटवर दावा दाखल करायचा. मृत्यूचा दाखला, पॉलिसी, नॉमिनीची ओळखपत्रं, रद्द केलेला चेक किंवा पासबुक. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी लागली तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा, असं कंपन्यांवर बंधन आहे. नाही दिला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे, तिथे फी लागत नाही, पण ५० लाखांपर्यंतच्याच प्रकरणांत तो निवाडा देतो. तुमची रक्कम त्याहून मोठी आहे, त्यामुळे वेळ आलीच तर ग्राहक आयोगाचा रस्ता. पॉलिसीची छापील प्रत घरात कुठे आहे, ते तुम्हाला आणि माहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाला माहीत असू द्या. हप्ता वर्षाचा ठेवा आणि दिवाळीच्या बोनसच्या आसपास येईल असा बघा. चुकला तर ३० दिवसांची सवलत असते, महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांचीच.

शेवटी तुमचं. पत्रात तुम्ही स्वतःच्या विम्याबद्दल काहीच विचारलं नाहीत. तुम्ही शिवता, मुलांना सांभाळता, सासूबाईंचं बघता, हे सगळं पैसे देऊन करून घ्यायचं म्हटलं तर मिस्टरांच्या पगारात बसणार नाही. तुमच्या बँकेत पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण आहे, १८ ते ५० वयात घेता येतं. सुरक्षा विमा योजनेचे आणखी २० रुपये, त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. ही दुसरी सासूबाईंनाही सत्तरीपर्यंत मिळते. दोन्हींचे पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा त्या आठवड्यात खात्यात पाचशे रुपये तरी शिल्लक ठेवा.